वेण्या घालणारे पाळकबाबा

आमच्या पुलगावच्या मंडळीत रविवारची उपासना सकाळी नऊ वाजता सुरू होते, असं चर्चच्या दाराशेजारच्या पाटीवर लिहिलेलं होतं. पाटी मीच रंगवली होती. खरं म्हणजे उपासना सुरू व्हायची ती पाळकबाबांच्या तिसऱ्या मुलीची दुसरी वेणी घालून झाल्यावर. त्यांच्या पत्नी दवाखान्यात नर्स होत्या आणि रविवारी सकाळची ड्यूटी बहुधा त्यांच्याच वाट्याला यायची. मग तिन्ही पोरी ओळीनं ओसरीवर बसायच्या आणि पांढरा झगा घातलेले आमचे पाळकबाबा तोंडात लाल रिबिनी धरून वेण्या घालायचे. हात कसेबसे पुसून तसेच वेदीपाशी यायचे. त्यांच्या पवित्र शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, पानापानावर खोबरेल तेलाचे ठसे होते.

कुणी टोकलंच तर म्हणायचे, "देव आपला केस न् केस ओळखते म्हन्तात. मले निदान विंचरता तं आलं पाह्यजे!" बाया पदराआड हसायच्या. पुरुषमंडळी घड्याळाकडे बघायची. त्या काळी बापानं पोरीला कडेवर घेतलं तरी लोकांना ते थोडं जास्तच वाटायचं, इथं तर साक्षात पाळकच फणी घेऊन बसलेला.

माझं अक्षर ही त्यांचीच देणगी. मॅट्रिक होईपर्यंत माझी अक्षरं म्हणजे मुंग्यांची रांग होती. त्यांनी बोरू तासून दिला, ओसरीवर शेजारी बसवून महिनोन्महिने गिरवून घेतलं. "बाबू, अक्षर असं काढ का म्हातारीले चष्म्याबिगर वाचता आलं पाह्यजे." पुढे गीतांच्या क्रमांकांचा फळा, नाताळच्या नाटकाच्या जाहिराती, मंडळीचा पत्रव्यवहार, सगळं माझ्याकडे आलं. एखादा कागद आवडला की शेजाऱ्यांना दाखवत फिरायचे. बापाला नसेल इतकं त्यांना माझं कौतुक होतं.

पण त्यांची खरी कडक शिस्त होती ती प्रभुभोजनाच्या रविवारी. भाकर आणि द्राक्षारस वाढण्याआधी ते झगा सावरत खाली यायचे आणि ज्यांचं भांडण असेल त्यांना सगळ्यांसमोर हात मिळवायला लावायचे. एकानं माफी मागायची, दुसऱ्यानं द्यायची, आणि मग दुसऱ्यानंही मागायची. ही परतफेड झाल्याशिवाय पुढे जायचं नाही. एकदा नळावरच्या नंबरावरून भांडलेल्या दोघी समोरासमोर उभ्या केल्या. एकीनं माफी मागितली. दुसरी "केलं माफ" म्हणून ऐटीत बाकाकडे वळली, तशी पाळकबाबांनी हाक मारली, "काऊन वो बाई, चालल्या कुठं? तुमचं राह्यलं ना!" सगळं चर्च हसलं. बाई लाजून परत आली आणि दोघी गळ्यात गळा घालून रडल्या. तेव्हापासून कुणी काही विसरलं की आमच्या वस्तीत म्हणायचे, "तुयं राह्यलं ना रे!"

आता जे सांगायचं आहे ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आमच्या मंडळीचे थोरले पंच आपल्या मुलाचं लग्न ईस्टरआधीच्या उपवासाच्या चाळीस दिवसांतच लावा म्हणून अडून बसले. त्या दिवसांत आमच्यात लग्नं लागत नाहीत. पाळकबाबा म्हणाले, "ईस्टर होऊ द्या जी, मंग दणक्यात लावू." पंचांना नाही ऐकायची सवय नव्हती. त्यांनी पाळकांची बदली करायचं ठरवलं. वरच्या कचेरीला अर्ज करायचा, पण त्यात लिहायचं काय? माणसात खोट सापडेना. अर्ज लिहायला त्यांनी मला घरी बोलावलं, चहा पाजला आणि सहज बोलल्यासारखं बोलले की शाळेत जूनपासून एका मास्तरची जागा निघणार आहे. पंच त्या शाळेच्या कमिटीवर होते. मी दोन वर्षं शिक्षकाची सनद घेऊन घरी बसलो होतो.

आणि खोट मी सापडवून दिली. मीच म्हणालो, "वेण्यांचं लिहा ना." पंचांना हे सुचलंही नव्हतं. मग मी माझ्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं: 'पाळक हे उपासनेच्या वेळी मुलींच्या वेण्या घालीत बसतात, त्यामुळे उपासनेस विलंब होतो व पाळकपदाची शोभा जाते.' खाली पंचांनी आणखी चौघांच्या सह्या घेतल्या. माझी सही नव्हती. आपण कुठं सही केली आहे, असं म्हणून मी त्या दिवशी पोटभर जेवलो.

वरच्या कचेरीनं तो अर्ज खुलाशासाठी जसाच्या तसा पाळकबाबांकडेच पाठवून दिला. हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. दोन दिवसांनी मी फळा लिहायला चर्चची किल्ली घ्यायला गेलो तर तो अर्ज त्यांच्या हातात. पाटीवरचं अक्षर आणि कागदावरचं अक्षर, आंधळ्यालाही कळावं. ते शांतपणे म्हणाले, "लिव्हला चांगला हाय. एक बी खाडाखोड नाई." मग कागदाची घडी घालत म्हणाले, "वेण्या घालतो हे तं खरंच हाय. खुलासा काय करू?" एवढं बोलून किल्ली दिली. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर मी सुटलो असतो.

बदली झाली, थेट मेळघाटच्या बाजूला. बाईंची नर्सची नोकरी सोडण्यासारखी नव्हती, पोरींची शाळा इथली. त्यामुळे पाळकबाबा एकटेच जाणार हे ठरलं. शेवटच्या रविवारी उपासना बरोब्बर नऊला सुरू झाली. पुढच्या बाकावर तिन्ही पोरी बसलेल्या, आणि तिघींचे केस मानेपर्यंत कापलेले. बाईंना सकाळी वेळ नसायचा. आता वेण्या घालणार कोण? सगळ्यांत धाकटी सारखी पाठीवर हात नेऊन वेणी चाचपत होती.

तो प्रभुभोजनाचाच रविवार होता. पाळकबाबा खाली आले. वाटलं, पंचांकडे जातील. ते माझ्यापुढे येऊन उभे राहिले, माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "बाबू, माह्याकडून तुयं मन दुखलं असंन तं मले माफ कर." मी म्हणालो, "माफ केलं, बाबा."

हो. मी त्यांना माफ केलं!

ते हात धरून तसेच उभे राहिले. माझ्या तोंडाकडे बघत, वाट बघत. नळावरच्या त्या बाईला मारली तशी हाक मला मारली नाही. सगळी मंडळी ताटकळली. मी बुटांकडे बघत राहिलो. शेवटी त्यांनी माझा हात थोपटला आणि वर गेले. घरी जाताना माय म्हणाली, "काऊन रे, पाळकबाबा एवढे थांबले तुयापाशी. तुयं राह्यलं ना?" मी तिच्यावर खेकसलो.

जूनमध्ये मला नोकरी लागली. पाच-सहा वर्षांनी पाळकबाबा तिकडेच काविळीनं गेले. पुलगावहून एक जीप भरून लोक मातीला गेले. मी शाळेत परीक्षा आहेत असं सांगितलं. परीक्षा नव्हत्या.

त्यानंतर एकदा त्यांची धाकटी मुलगी शाळेत दाखला न्यायला आली. नर्सिंगला निघाली होती. केस तसेच, मानेपर्यंत. शाळेचे दाखले मीच लिहायचो. मी तिचं नाव लिहिलं, वडिलांचं नाव लिहिलं. ती टेबलावर वाकून बघत होती. एकदम म्हणाली, "सर, तुमचं अक्षर अगदी बाबांसारखं आहे हो!" तिचे डोळे भरून आले होते. तिला काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी घरातसुद्धा माझं नाव घेतलं नव्हतं.

खोलीत आम्ही दोघंच होतो. सांगायला एवढी चांगली वेळ मला पुन्हा मिळणार नव्हती. मी टिपकागद दाबला, दाखला तिच्यासमोर सरकवला आणि म्हणालो, "इथं सही कर."

तिनं सही केली, वाकून माझ्या पाया पडली आणि गेली.