पाहुणे येणार म्हणून

सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या आमच्या सोसायटीत आरोग्याच्या ताई अधूनमधून जागृतीचे कार्यक्रम घेतात. आधी मलेरिया होता, मग बीपी-शुगर आली, आता मनाचे आजार. गेल्या गणपतीत त्यांनी मलाच माइक दिला. मी सांगितलं, की मला कानात आवाज यायचे. घरच्यांनी भगत केला, कोंबडं गेलं, आवाज काही गेले नाहीत. मग सरकारी दवाखाना, रोजची गोळी, आणि आता डाइंगच्या कारखान्यात कापडाच्या घड्या घालतो. टाळ्या पडल्या. आईही वाजवत होती.

त्याच आईने महिन्याभरात माझी पिशवी भरली. "दोन दिन गावले जाई ये, भाऊ." धाकट्या बहिणीला पाहायला पाहुणे येणार होते. मांडवातली माणसं आपलीच, पण हे पलसाण्याकडचे, त्यांना कशाला कळायला हवं! मला सवयच होती. उधन्याला गाडीत बसायचं, चहा-पोहे आटोपले की परतायचं.

पाहुणे आले, मुलगी आवडली. बहिणीलाही मुलगा आवडला, हे तिच्या तोंडावरच दिसे म्हणे. मग ते रीतीप्रमाणे चौकशीला निघाले. आता सुरतेतला खान्देशी माणूस चौकशीला कुठे जाणार? गावाला! तिथे पारावर पाय हलवत मी बसलेलो. मुलाच्या काकांनी मलाच घर विचारलं. मी पत्ता सांगितला, आणि आमचंच घर आहे हेही सांगितलं. मग सुरत सोडून इथे कसा, असं विचारलं, तेव्हा गोळीचंही सांगितलं. मला कुणी खोटं बोलायला शिकवून पाठवलं नव्हतं.

सोयरीक मोडली. आजाराचं एक वेळ चाललं असतं, लपवलंत कशाला, असा निरोप आला. खरं की बहाणा, देव जाणे. बहीण नीट जेवेना. मला वाटलं, आता माझ्यावर चिडणार. ती चिडली आईवर. "याच्यापुढे दादाला घालवलंस, तर मी पोहे घेऊन बाहेर येणारच नाही. बसा मग पाहुण्यांकडे बघत!"

मला आईचं वाईट वाटलं. भगतापासून दवाखान्यापर्यंत सगळीकडे तीच धावली होती, आणि दोन्हीकडे बोलणी तिनेच खाल्ली.

परवाच्या रविवारी नवे पाहुणे आले. मी आपला आतल्या खोलीत, इस्त्रीचा शर्ट घालून. पाणी झालं, पाऊसपाणी झालं, मुलाच्या आईने मुलीला बोलवा म्हटलं. आईने मला हाक मारली.

मी दारात उभा राहिलो. आई अहिराणीतच बोलली.

"हाऊ मना मोठा पोऱ्या. याना डोकानं औषध चालू शे. तुमले चालत व्हई, ते पोरले बलावस."

मला रडू फुटलं. तिथेच, सगळ्यांसमोर. पाहुणे काय समजले असतील, कोण जाणे!