नानासोचं हेलिकॉप्टर आणि बिराप्पाचा भंडारा

जत तालुक्यात दोन मोटारी दुरुस्त करता आल्या की माणसाला मिस्त्री म्हणतात. नानासोनं लष्करात सतरा वर्षं हेलिकॉप्टरं दुरुस्त केली. त्याला कुणी काहीच म्हणत नाही. फक्त बिघडलेले मिक्सर आणून देतात.

निवृत्तीनंतर त्यानं आपलं आपण उडणारं हातभर हेलिकॉप्टर बनवलं. माळावर पांगलेली मेंढरं वरून हुडकायची, एवढंच त्याचं काम. पोटाखालचा सेन्सर जमिनीकडे आवाज सोडायचा, तो परत यायला लागलेल्या वेळावरून उंची ओळखायचा. अंगणात बिनचूक. कळपावर मात्र लोकर आवाज पिऊन टाकी, आणि जमीन अजून फार खाली आहे अशा समजुतीनं ते उतरतच जाई. दोनदा कळपात घुसलं. एका मेंढ्याचं शिंग तासलं, बाकीचा कळप कर्नाटकात.

"तिसऱ्यांदा मेंढरं पळाली तर ह्ये पाखरू माज्या तळावर न्हाई," मेंढरांचा मालक बिराप्पानं बजावलं. दुसरा कुणी धनगर तर त्याला आसपासही फिरकू देत नव्हता.

नानासोनं हवेच्या दाबावरून उंची सांगणारा दुसरा सेन्सर बसवला; त्याला हवा आत घ्यायला बारीक भोक. आवाज हरवला की याचं ऐकायचं. अंगणात घोंगडी अंथरून चार दिवस तालीम केली.

पाचव्या दिवशी तळावर बिराप्पानं आधी मशीनवर भंडारा उधळला. नवी वस्तू तळावर आली की उधळतातच.

"आवं तात्या, तितं भोक हाय!" नानासो ओरडला.

"देवाची हळद भोक बगून टाकायची व्हय रं?" दुसरी मूठ पडली.

भोक बुजलं, उंचीचा आकडा थिजला. हेलिकॉप्टर उडून कळपावर गेलं, आवाज हरवला, आणि आकडा हलत नाही म्हणजे आपण जागच्या जागी आहोत अशा खात्रीनं ते घसरत घसरत कळपात उतरलं. मेंढरं वळवण्यात दुपार गेली.

नानासोनं झाकण काढून पिवळं भोक दाखवलं.

"म्हंजी दोष भंडाऱ्याचा?" बिराप्पानं शांतपणे विचारलं.

"न्हाई. माजा," नानासो दातओठ खात म्हणाला. "भंडारा पडणार ह्ये ठावं हुतं. बंदोबस्त क्येला न्हाई."

बिराप्पानं तंबाखू मळून तोंडात टाकली. "मग करून ये. ही बारी धरत न्हाई. पर भंडारा पडंलच."

नानासोनं भांडी घासायच्या स्पंजाचा तुकडा भोकावर बसवला. हवा आत, हळद बाहेर. दुसऱ्या दिवशी बिराप्पानं मोजून तीन मुठी टाकल्या. हेलिकॉप्टर कळपावर दोन पुरुष उंचीवर जाऊन थांबलं, ते थांबलंच. मेंढरांनी वर पाहिलं आणि पुन्हा चरायला लागली.

"बगितलंस?" बिराप्पा म्हणाला. "काल भंडारा कमी पडला हुता."