पेटीवर शिकलेली तार

मॅट्रिक झाल्यावर मी रेल्वेत तारबाबू व्हायचं ठरवलं. रनाळ्याला आमची शेती होती आणि मला शेतीचा मनापासून कंटाळा होता. वडिलांनी सरळ सांगितलं, "पोळानी पहिले परीक्षा पास व्हय. नई ते औत तुन्हा हातमा." पोळ्याला अडीच महिने होते.

तारेची लिपी म्हणजे प्रत्येक इंग्रजी अक्षराला आखूड आणि लांब ठोक्यांची जोडणी. स्टेशनावरच्या तारबाबूंनी ती मला कागदावर उतरवून दिली आणि म्हणाले, "हाताला येईल त्यावर वाजव." इथेच त्यांचं चुकलं. निवडायची मोकळीक दिली की मी निवडतच बसतो.

पहिला आठवडा चमच्यात गेला. मग फळकुटावर पितळी पट्टी ठोकून बटण केलं, ते नुसतं करकरायचं. सायकलची घंटी आणली, तिला आखूड-लांब काही कळेना. मायचा अडकित्ता घरातच होता, पण तो खिळीत सैल, आणि सुपारीच्या हत्यारावर सरकारी नोकरी मिळवायची मला लाज वाटली. शेवटी देवळातली भजनी मंडळाची पेटी सापडली. आखूड सूर, लांब सूर, कसं स्वच्छ काम! रोज दुपारी मी भाता हलवत एकच पट्टी दाबायचो. भजनातले म्हातारे म्हणायचे, "याले एकच सूर येस."

पोळा पंधरा दिवसांवर आला तेव्हा मी ऐटीत स्टेशनावर गेलो. बाबूंनी यंत्र वाजवून दाखवलं. कट्ट कट, कट्ट कट. मला एक अक्षर कळेल तर शपथ. यंत्राला सूर नसतोच. खाली आपटल्याचा एक ठोका, वर उठल्याचा एक, आणि मधला वेळ थोडा की जास्त एवढंच ओळखायचं असतं. पेटीवर शिकलो म्हटल्यावर बाबू पान थुंकायला बाहेर गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत.

घरी येऊन मी तोंड पाडून बसलो. औत डोळ्यांसमोर दिसत होतं. माय ओट्यावर सुपारी कातरत होती. सैल अडकित्ता मिटताना कट्ट वाजायचा, उघडताना कट.

मी सूप ओढलं. आखूड ठोक्याला ज्वारीचा दाणा, लांबला तुरकाठीचा तुकडा, अशा सव्वीस ओळी मांडल्या. मायला अक्षरओळख नव्हती. ती मनाला येईल ती ओळ वाजवायची आणि मी पाठ फिरवून ओळखायचो. चुकलं की मी तिच्यावरच उखडायचो.

"तू भलतंच वाजाडं."

"मी हाई वळ वाजाडी. देख. तू चुकना."

दर वेळी तिचंच बरोबर असायचं. सुपारी संपली, मग तिने चिंचोके घेतले. स्वयंपाकाची वेळ झाली की तिचा हात असा धावायचा की मला घाम फुटायचा.

भुसावळला परीक्षकाने तार सोडली तेव्हा वाटलं, हा माणूस फार सावकाश वाजवतो. निकाल तिथेच सांगितला.

घरी आलो तर माय दारातच उभी होती, हात पिठाने भरलेले.

"आपण पास व्हयनूत का?"

'मी पास झालो' हे वाक्य मी गाडीत चारदा घोळवून ठेवलं होतं. ते गिळलं आणि म्हणालो, "व्हयनूत, माय."