समोरच्या खिडकीतलं व्हायोलेट

कुंडीतल्या मातीला करंगळी लावायची, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, “आज नको. याला प्यास नाही.” छत्रीबाग मोहल्ल्यातल्या आमच्या समोरच्या काकू झाडांचं असं करत. तापातल्या पोराच्या कपाळाला हात लावावा तसं.

काकूंच्या गल्लीकडच्या खिडकीत ऊन कधी यायचं नाही. तिथे वाटीएवढ्या आठ कुंड्या, सगळ्यांत आफ्रिकन व्हायोलेट. मखमली पानं आणि मधोमध जांभळ्या फुलांचा गुच्छ. येणारा-जाणारा मान वर करून बघायचा. माझ्या गच्चीवरच्या गुलाबांकडे बघताना मात्र त्याच माना दुखायच्या!

मी जळत होते. आज सांगूनच टाकते.

मागितलं की काकू लगेच पान खुडून देत. “घ्या वहिनी. मातीत खोचा और भूल जाओ.” भूल जाणं मला कुठलं जमायला? रोज सकाळी पान उपटून बघायची, मुळं फुटली का. चार पानं कुजली. मग मी नवऱ्याला सांगितलं, त्या मातीत काहीतरी घालतात आणि आपल्याला सांगत नाहीत.

एकदा काकू आठ दिवस लेकीकडे महूला गेल्या. किल्ली माझ्याकडे. “कुंडीखालच्या बशीत पाणी ओता, बस. पानांवर नका टाकू.” पाणी मी इमानाने दिलं. आणि सगळ्यांत भरगच्च कुंडी उचलून त्यांच्याच मागच्या अंगणात, वैशाखाच्या उन्हात नेऊन ठेवली. तीन दिवस. फुलं करपली तेव्हा गुपचूप परत खिडकीत ठेवली. जिवाला गार वाटलं, खोटं कशाला बोलू?

काकू आल्या. मातीला करंगळी लावली. “पाणी तर बराबर दिलंत तुम्ही,” म्हणाल्या. करपलेल्या पानांखाली एकच हिरवं उरलं होतं. ते खुडून त्यांनी माझ्या हातावर ठेवलं.

“याला धूप नका दाखवू हं, वहिनी. आणि रोज उपटून बघू नका.”

उपटण्याचं मी त्यांना कधीच बोलले नव्हते. त्यांच्या खिडकीतून माझी खिडकी लख्ख दिसते, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. उन्हाचं त्यांना कसं कळलं, ते विचारायची हिंमत झाली नाही.

माफी मागायची होती. आज मागू, उद्या मागू करत राहिले, आणि गेल्या हिवाळ्यात काकू वारल्या. लेकीने घराला कुलूप लावलं.

ते पान आता माझ्या खिडकीत भरभरून फुललंय. लोक थांबून बघतात. “क्या बात है, अगदी काकूंसारखं!” म्हणतात, आणि माझ्या पोटात अजून दुखतं. फुलं उजेडाकडे, म्हणजे काकूंच्या बंद खिडकीकडे तोंड करतात. मी कुंडी फिरवून ठेवते. आठ-दहा दिवसांत ती पुन्हा तिकडेच वळलेली असतात. फितूर मेली!

मग मी मातीला करंगळी लावते, डोळे मिटते. मला अजूनही काही कळत नाही.