गाठीला हवा लागेल म्हणून

आमचे हे समुद्रपूरला कापसाच्या जिनात कामाला होते. हंगामात रुईचे तंतू नाकातोंडात जायचे आणि अख्खी पाळी खोकत घरी यायची. घरोघरी बायका गुळाचा खडा हातावर ठेवायच्या, गळा साफ होतो म्हणून. मीही ठेवायची. वैशाखात जिन बंद झालं, सगळ्यांचे खोकले थांबले, ह्यांचा थांबेना. मग मी काय केलं? गूळ वाढवला! अशी मी शहाणी.

थुंकीत रक्त दिसलं तेव्हा टीबी समजून वर्षभर सुया टोचल्या. उतार नाही. शेवटी नागपूरच्या डॉक्टरांनी घशातून दिव्याची नळी घातली, आणि श्वासनळीच्या फांदीत बोराएवढी गाठ सापडली. छाती उघडून तेवढा भाग काढतो, लवकर या, असं ते म्हणाले. हे तर लगेच तयार.

"काढून टाकू न वं. एकदाची कटकट जाईन."

"चिरफाड नाई करायची!" मी म्हटलं.

माझ्या जावेच्या छातीतली गाठ कापली होती आणि चार महिन्यांत ती बिचारी वारली. कापलं की गाठीला हवा लागते, मग ती अंगभर पसरते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मी रडले, भांडले, दोन दिवस जेवले नाही. माझ्या गळ्याची शपथ घातली.

"बरं बाई, तू जिंकली," ते हसून म्हणाले. मला केवढा आनंद झाला होता! आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

तीन वर्षं वैद्याच्या पुड्या झाल्या. श्वासात शिट्टी वाजायची. मग फुप्फुसात पू झाला, अंगावर मांस उरलं नाही, तेव्हा पुन्हा नागपूर. त्याच डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला. हे बाहेर बाकावर बसले होते.

"गाठ हळू वाढणारी होती, बाई. तेव्हा काढली असती तर हा माणूस आज कामावर असता. आता त्यांना ऑपरेशन सोसणार नाही."

"पण हवा लागते न?"

"नाही हो. असं काही नसतं."

बाहेर आल्यावर ह्यांनी विचारलं, "काय म्हणे डाक्टर?" मी म्हटलं, औषध बदललं. खरं मी त्यांना कधीच सांगितलं नाही.

परतीच्या एसटीत त्यांना खिडकीपाशी बसवलं. थंडीचे दिवस, वारा झोंबत होता. मी काच ओढायला गेले तर त्यांनी माझा हात धरला. सलग बोलायला दम नव्हता.

"राहू दे वं... हवा येऊ दे... तेवढीच तं पाह्यजे मले."

बोल लावायचा त्यांचा स्वभावच नव्हता. खरंच श्वास पुरत नव्हता. गाडीच्या धक्क्यांनी काच सारखी मिटायची. समुद्रपूर येईपर्यंत मी ती हातानं उघडी धरून बसले.