गाणारी पाखरं

सेल विकण्याआधी मामा तो जिभेच्या टोकाला लावायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "हाय, करंट हाय!" पालमच्या एस.टी. स्टँडाजवळ त्यांचं खेळण्यांचं दुकान आणि शेजारी माझं शिवणाचं. कुणाचं लेकरू रडायला लागलं की बस सुटेपर्यंत ते फुकट खेळणी वाजवून दाखवायचे. असला माणूस धंद्याला कसा बसला, देव जाणे!

नव्वदच्या आसपास ती गाणारी पाखरं आली. पोटात चाराण्याएवढा चपटा सेल. झाकणाला स्क्रू नाही, खोक्यावर सावधगिरीचं एक अक्षर नाही. मी म्हटलं, "मामा, हे तर नखानं उघडतंय की!"

"अगं बाई, लेकराचं खेळणं हाय. त्यात इख घालतंय का कुणी?"

पंचमीला त्यांची लेक माहेरी आली, दोन वर्षांची नात घेऊन. पोरीनं पाखराच्या पोटातला सेल काढला, आजोबांचं बघून जिभेवर ठेवला आणि गिळला. आम्ही शहाण्यांनी काय करावं? केळी चारली! पैसा गिळलेल्या पोराला चारतात तशी. "उद्या परसाकडं पडंल," म्हणालो सगळे. मामांनी स्वतः कुस्करून भरवली. तिकडं तो सेल गळ्यात अडकून तिला आतून जाळत होता.

दुसऱ्या दिवशी लाळेतून रक्त आलं तेव्हा नांदेडला पळवली. डॉक्टर म्हणाले, ओल्या गळ्यात सेल अडकला की जाळणारं रसायन तयार होतं, अन्ननलिकेला भोक पडतं. पोर गेली.

मामा परभणीला ठोकवाल्याकडं पाखरू घेऊन गेले. तो म्हणाला, "लेकरावर नजर ठेवायची असती. मालाचा काय दोष?" वाटोळं होवो मेल्याचं!

त्यानंतर मामा दुकानात बसलेच नाहीत, दुकान त्यांचा मुलगा बघायचा. "मीच चारली गं केळी," एवढंच बोलायचे. वर्षाच्या आत तेही गेले.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. शेवटी त्यांच्या लेकानं हात जोडले. "आबा, ती पाखरं दुकानात पुन्हा आणणार न्हाई." कावळा शिवला. आम्ही सगळे रडलो.

आणि पुढच्याच बाजाराला त्याच्या दुकानाच्या दारात पाखरांची माळ! माझं डोकंच फिरलं. हातातली कात्री न ठेवता तशीच गेले. "आबाला काय कबूल केलं होतंस रे?"

"ताई, लोक मागायलेत. मी काय करू?"

समोर एक बाई कडेवर लेकरू घेऊन उभी होती. मामांच्या लेकानं माझ्याकडं पाठ केली, पाखराचं बटण दाबलं आणि ते लेकराच्या हातात दिलं. लेकरानं ते सरळ तोंडात घातलं.