गफूरमास्तरांची हिरडी

११ जानेवारी, रविवार. लातूरच्या नव्या दवाखान्याचं उद्घाटन. हजर: दातांच्या डॉक्टर सुजातामॅडम, त्यांच्या नांदेडच्या दवाखान्यातलं काउंटर आणि कपाट सांभाळणारी मी, शेजारचे दुकानदार, आणि आमंत्रण नसताना अख्खा बँड घेऊन आलेले गफूरमास्तर.

“बोलावल्यावर येतो तो पाहुणा, ताई. मी घरचा हाय,” असं म्हणून त्यांनी क्लॅरिनेट तोंडाला लावली.

हेच मास्तर पहिल्यांदा नांदेडच्या दवाखान्यात आले, तेव्हा तोंडावर रुमाल होता. बँडच्या टेम्पोतून उतरताना पडले आणि वरचा समोरचा दात गेला. क्लॅरिनेट टेकते ती नेमकी त्याच दातावर. लग्नसराई तोंडावर आलेली.

“तोंड हेच आपलं दुकान, मॅडम. शटरच तुटलं. स्क्रू ठोका, दात बसवा, वाजवायला मोकळं करा.”

मॅडमनी हिरडी मोजली आणि मान हलवली. “हाड चांगलं आहे, पण वरची हिरडी फार पातळ आहे. आत्ता इम्प्लांट बसवलं, तर हाड झिजून मागं सरायची भीती. पांघरूण तोकडं असलं की आपण पाय आखडतो ना, तसंच.”

“मंग गोधडी शिवा की!”

“तेच करणार. तोंडातल्या टाळूच्या कातडीचा तुकडा काढून हिरडीत शिवायचा, ती जाड होऊ द्यायची, मग इम्प्लांट. ते हाडात मुरलं की दात. तोवर वाजवायचं नाही.”

मास्तरांनी रुमाल परत तोंडावर धरला. मग हळूच म्हणाले, “एक हंगाम दुसऱ्यानं वाजवलं ना, की लोक त्यालाच मास्तर म्हनतेत.”

दुसऱ्या दिवशी ते आले आणि क्लॅरिनेटचं माउथपीस माझ्यापुढं ठेवलं. “कुलपात ठेवा. घरी राहिलं तर माझा भरवसा न्हाई.” कापूस आणि हातमोज्यांच्या मधे मी त्याला जागा केली. कपाटातल्या सामानाच्या यादीतही चढवलं.

त्यानंतर दर शुक्रवारी नमाज आटोपून स्वारी हजर. “ताई, जरा दीदार करवा.” मी कपाट उघडायची. ते बघायचे, हात मागं बांधून. मी म्हणायची, “मास्तर, लांबूनच हं!” “हाव, हाव. पडद्यातल्या नवरीला बघून राहिलो, समजा.”

त्या हंगामात वरातीपुढं ते नुसते हातवारे करत चालले. क्लॅरिनेट त्यांचाच शागीर्द वाजवायचा. एका नवऱ्याच्या मामानं टोमणा मारला, “मास्तर, आज मुक्यानंच का?” मास्तर म्हणाले, “पोरगं वाजवून राहिलं, मी त्याला वाजवून राहिलो.” हे त्यांनीच मला हसत सांगितलं. डोळे मात्र हसत नव्हते.

शिवलेली हिरडी धरली, जाड झाली. इम्प्लांट बसलं, मुरलं, वर दात आला. मी कुलूप काढून माउथपीस हातात दिलं. मास्तरांनी ते कपाळाला लावलं आणि तिथंच सूर काढला. आतला पेशंट तोंडात कापसाचे बोळे घेऊन बाहेर आला. पुढच्या लग्नसराईत वरातीपुढं मास्तर, आणि शागीर्द त्यांच्या मागं.

वर्षानं मॅडमनी जुना आणि नवा एक्स-रे शेजारी लावला. त्या कधी आवाज चढवत नाहीत, त्या दिवशी ओरडल्या, “हाड जिथं होतं तिथंच आहे!”

मास्तर म्हणाले, “म्हंजे गोधडी पुरली.”

आज लातूरच्या रस्त्यावर त्यांनी असं काही वाजवलं की समोरचा कापडवाला गिऱ्हाईक सोडून नाचायला आला. नव्या मशीनवरचा पहिला एक्स-रे मास्तरांचाच काढायचा, हे मी कालच ठरवलं होतं. दर वर्षी तपासणीला एक काढायचा, तो राहिलाच होता. मी दारातून दोनदा हाक मारली.

“एवढं संपू द्या, ताई!”

ते संपलं, दुसरं सुरू झालं, आणि मग टेम्पो उदगीरच्या वरातीला निघाला. मास्तर मागच्या फळीवर उभे राहून वाजवतच होते. “बसून घ्या!” मॅडम दुसऱ्यांदा ओरडल्या. ऐकू कुठलं जातंय?

रिबीन, पेढे, खुर्च्या, निर्जंतुकीकरण: माझ्या उद्घाटनाच्या यादीतल्या सगळ्या ओळींवर खुणा झाल्या. एकच कोरी आहे. गफूरमास्तर, एक्स-रे.